अर्धा एमएल, मांडीत, आत्ता



नवा रायपूरमध्ये येऊन मला दीड वर्ष झालं. हे शहर पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जुन्या रायपूरपासून वीसेक किलोमीटरवर छत्तीसगड सरकारने नवी राजधानी वसवली आहे. रस्ते असे रुंद, की सकाळी अख्खी पलटण शेजारी शेजारी पळवावी. माणसं अजून रस्त्यांच्या मानाने कमीच. आमचं कोसा, म्हणजे छत्तीसगड आणि ओडिशा सब एरियाचं मुख्यालय, इथेच आहे. मार्चमध्ये आजूबाजूच्या माळावर पळस फुलतो, सावर फुलते, आणि पाण्याच्या उंच टाक्यांखाली, इमारतींच्या छज्ज्यांखाली आग्या मोहोळाच्या काळ्या परड्या लटकायला लागतात. मोठी माशी, उघडं पोळं, आणि एकदा चिडली की अर्धा किलोमीटर पाठ न सोडणारी.

आग्या माशीशी माझी ओळख जुनी. खडकवासल्याला कॅडेट असताना सिंहगडाच्या बाजूच्या एका चढावर आमच्यातल्या कोणाचा तरी पाय घसरला, दगड गडगडत गेला आणि मोहोळ उठलं. आम्ही पळालो. एक जण सापडला. त्याच्या डोक्यातून आणि मानेतून चाळीसेक काटे काढले असतील. तोंड एवढं सुजलं की दोन दिवस त्याला डोळे उघडता येईनात, आणि आम्ही सगळे त्याला बघून हसायचो. आठवड्यात तो बरा झाला. आज तो ब्रिगेडियर व्हायच्या मार्गावर आहे आणि मी ही गोष्ट काढली की अजूनही चिडतो.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक हिशोब पक्का बसला होता: जितके डंख, तितकी सूज, तितका धोका. हा हिशोब चुकीचा होता, हे कळायला मला वीस वर्षांहून जास्त लागली, आणि एक माणूस जवळजवळ गमवावा लागला.

गेल्या मार्चमधली गोष्ट. रविवार नव्हता, साधी पीटीची सकाळ. आमचा एक हवालदार, कराड तालुक्यातला. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. धावण्यात वीस वर्षांच्या पोरांना मागे टाकणारा गडी. 6 वाजून 40 मिनिटांनी धाव संपली. टाकीजवळ उभा राहून तो पाणी पीत होता, तेवढ्यात मानेवर हात मारला.

"काय झालं?"

"काय नाय साहेब. माशी चावली."

एक माशी. एकच डंख. त्याने नखाने काटा खरवडून टाकला आणि आम्ही बोलत राहिलो. तीन-चार मिनिटांनी बघितलं तर तो दोन्ही तळहात पँटवर घासत होता. म्हणाला, हाताला खाज सुटली आहे. मग म्हणाला, पोटात कळ येते आहे. मला वाटलं, रात्रीच्या जेवणाचं काहीतरी. मानेवर सूज म्हणावी तर नखाएवढी. चेहरा मात्र पांढरा पडत चालला होता. मग तो एक वाक्य बोलला, ते मी विसरणार नाही: "साहेब, मला काय तरी होतंय. बरं नाय वाटत. घरी फोन लावा."

पंधरा-सोळा वर्षं नोकरी झालेला, काश्मीरमध्ये दोन टेन्युअर केलेला माणूस एका माशीपायी घरी फोन लावायला सांगतो, तेव्हा समोरच्याने सावध व्हायला हवं. मी काय केलं? त्याला धीर दिला. "चला, एमआय रूमला जाऊ, गाडीत बसा," म्हटलं. जिप्सी पन्नास पावलांवर होती. तो उठला, दहा पावलं चालला आणि गुडघ्यातून खाली गेला, पोतं ढासळावं तसा.

नर्सिंग असिस्टंटला बोलावणं गेलंच होतं, तो बॅग घेऊन मोटरसायकलवर आला. वरचं ब्लड प्रेशर 70. नाडी हाताला लागेना. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. नर्सिंग असिस्टंट चांगला पोरगा, पण त्याच्या हातात पहिल्यांदा आलं ते एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन. आपल्याकडे गल्लीतल्या दवाखान्यापासून सगळीकडे ॲलर्जी म्हटलं की हीच जोडी निघते. मी आमच्या डॉक्टर मॅडमना फोन लावून स्पीकरवर टाकला. नागपूरच्या, एएफएमसीतून शिकलेल्या तरुण कॅप्टन. त्यांनी तीन प्रश्न विचारले. काय चावलं? श्वास कसा आहे? बीपी किती? चौथं वाक्य प्रश्न नव्हता.

"ॲड्रेनालिन. अर्धा एमएल, मांडीत, आत्ता. बाकी सगळं नंतर."

पोरगा थांबला. मला हळूच म्हणाला, "साब, यह तो दिल बंद होने पर देते हैं। इनका दिल तो चल रहा है।"

फोनमधून आवाज आला, "चालू आहे तोवरच द्यायचं आहे. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत. पँटवरून द्या. आणि त्याला कोणी उठवू नका. आडवा ठेवा, पाय वर."

6 वाजून 53 मिनिटांनी पहिलं इंजेक्शन गेलं. डंखानंतर तेराव्या मिनिटाला. पाच मिनिटांत बीपी 76. मॅडमनी दुसरा डोस द्यायला सांगितला, सलाइन जोरात चालू झालं, ऑक्सिजन लागला. सात वाजून पाच मिनिटांनी त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "फोन लावला का हो घरी?" बीपी 104 होतं. माझे हात तेव्हा थरथरायला लागले, त्याआधी नाही.

संध्याकाळी रुग्णालयाच्या बाहेरच्या बाकावर मॅडमनी मला सगळं नीट समजावलं. ते तुमच्यासाठी माझ्या भाषेत लिहितो, कारण ही माहिती डॉक्टरांपेक्षा आपल्याला जास्त लागते. पहिल्या दहा मिनिटांत डॉक्टर तिथे नसतो, आपण असतो.

ह्या प्रकाराचं नाव ॲनाफिलॅक्सिस. 1901 मध्ये मोनॅकोच्या राजाच्या जहाजावरून समुद्रसफरीला गेलेल्या शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए ह्या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्री जीवांच्या विषावर काम सुरू केलं. कल्पना साधी: विषाची छोटी मात्रा द्यायची, म्हणजे शरीर तयार होईल आणि पुढची मात्रा सोसेल. झालं उलटं. पहिला डोस पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी मिळालेल्या दुसऱ्या, तसल्याच छोट्या डोसने अर्ध्या तासाच्या आत मेला. शरीर शिकलं होतं, पण चुकीचं शिकलं होतं. संरक्षणाच्या उलट, म्हणून हे नाव. ह्या कामासाठी रिशेला 1913 चं नोबेल मिळालं.

आपल्या भाषेत सांगायचं तर ही आपल्याच फौजेची आपल्याच ठाण्यावर गोळीबारी. शत्रू एक माशी, आणि उत्तरादाखल सगळ्या पेशींनी एकदम दारूगोळा सोडायचा. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि झिरपायला लागतात. रक्त शरीरातच असतं, पण हृदयाकडे परत येत नाही. श्वासनलिका आवळते. घशाला सूज येते. माझ्या खडकवासल्याच्या मित्राला चाळीस काट्यांनी जे झालं ती त्या जागची सूज होती; दिसायला भयंकर, पण त्याची नाडी आणि श्वास जागेवर होते. (चाळीसच्या जागी काही शे डंख असते तर विषच घातक ठरलं असतं, ती वेगळी गोष्ट.) हवालदाराला एका काट्याने जे झालं ते बाहेर फारसं दिसलंच नाही. दहा-वीस टक्के रुग्णांच्या अंगावर पुरळ किंवा गांधी उठतच नाहीत. आपण अंगावर पित्त शोधत बसतो आणि माणूस आतून खचत असतो.

मग ओळखायचं कसं? मॅडमनी दोन नियम सांगितले. एक: अचानक अंगावर गांधी, खाज, ओठ-जीभ सुजणं, आणि त्याच्या जोडीला श्वासाचा त्रास, चक्कर किंवा बीपी उतरणं, किंवा जोराच्या उलट्या-पोटात मुरडा, ह्यातलं एक जरी असलं तरी ॲनाफिलॅक्सिस समजा. दोन: ज्याची ॲलर्जी ठाऊक आहे किंवा जिचा दाट संशय आहे अशी गोष्ट पोटात, रक्तात किंवा अंगावर गेली आहे आणि त्यानंतर बीपी पडलं, छातीत घरघर सुरू झाली किंवा आवाज बसला, तर अंगावर काही नसलं तरी तेच समजा. गोष्ट माशी असो, कोळंबी असो, शेंगदाणा असो, पेनिसिलिन असो की अंगदुखीचं साधं इंजेक्शन. आणि "मला काहीतरी भयंकर होतंय" असं रुग्ण सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवा. हे भित्रेपणाचं नाही, आजाराचंच लक्षण आहे.

वेळ किती असतो? ब्रिटनमध्ये पम्फ्री नावाच्या डॉक्टरांनी अशा मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. हृदय बंद पडायला लागलेला मधला वेळ: खाण्यातल्या ॲलर्जीत सुमारे 30 मिनिटं, डंखात 15, आणि रुग्णालयात शिरेतून दिलेल्या औषधाने 5. आमचं पहिलं इंजेक्शन तेराव्या मिनिटाला गेलं होतं. हिशोब तुम्हीच करा.

त्याच डॉक्टरांचा 2003 चा दुसरा अभ्यास ऐकून मी गप्प झालो. काही रुग्ण आडवे होते तोवर तग धरून होते. त्यांना उठवून बसवलं किंवा उभं केलं, आणि काही क्षणांत गेले. हृदयाकडे येणारं उरलंसुरलं रक्तही पायात उतरतं. "गाडीत बसा" असं मी म्हटलं ते हेच. मदत म्हणूनच म्हटलं होतं. मॅडम मला दोष देत नव्हत्या, त्यांनी फक्त सांगितलं. पण तुमच्यापैकी कोणी असा हुकूम देऊ नये म्हणून हे इथे लिहितो आहे. आडवं झोपवा, पाय उंच करा. श्वासाला फारच त्रास असेल तर पाय पसरून बसू द्या, उलटी होत असेल किंवा शुद्ध नसेल तर कुशीवर वळवा. गर्भवती असेल तर डाव्या कुशीवर. चालवू मात्र नका. गाडी रुग्णाकडे आणा, रुग्ण गाडीकडे नको.

आता एव्हिलचं. एव्हिल खाज आणि गांधी कमी करतं. पडलेलं बीपी ते वर आणत नाही, आवळलेला श्वास मोकळा करत नाही. स्टेरॉइडचा असर यायला काही तास लागतात. ॲड्रेनालिन काही मिनिटांत सगळीकडे एकदम काम करतं: सैल वाहिन्या आवळतं, श्वासनलिका उघडतं, हृदयाला जोर देतं आणि पेशींचा दारूगोळा सोडणंही रोखतं. ह्याचा एक चांगला पुरावा आपल्या शेजारच्या श्रीलंकेतला आहे. सर्पदंशावरची लस घोड्याच्या रक्तापासून बनते. आपल्या परळच्या हाफकिनने ती बनवायला घेतली त्याला कित्येक दशकं झाली. ती जीव वाचवते, पण तिचीच ॲलर्जी अनेकांना येते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्पदंशाच्या हजारावर रुग्णांना लसीआधी वेगवेगळी औषधं देऊन बघितली. ॲड्रेनालिनच्या छोट्या मात्रेने पहिल्या तासातल्या गंभीर प्रतिक्रिया 43 टक्क्यांनी कमी झाल्या. एव्हिलच्या जातीचं औषध आणि हायड्रोकॉर्टिसोन ह्यांनी तसा फरक पडला नाही.

नर्सिंग असिस्टंटची भीती अगदीच खोटी नव्हती. हेच 1:1000 चं ॲड्रेनालिन थेट शिरेत मारलं तर हृदयाची लय बिघडू शकते. म्हणूनच शिरेत नाही, कातडीखाली नाही, दंडात नाही, मांडीच्या स्नायूत. तिथून ते लवकर आणि सुरक्षितपणे रक्तात जातं. एका ॲम्प्युलमध्ये 1 एमएल, म्हणजे 1 मिलिग्रॅम असतं. मोठ्या माणसाला त्यातलं अर्धं. मुलांना किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर पुन्हा. इन्शुलिनची सिरिंज चालत नाही, सुई आखूड पडते.

हे ऐकताना मला हसू आलं. मांडीत, कपड्यांवरून, विचार न करता: हे मी कुठेतरी आधी शिकलो होतो. आपल्यातल्या ज्यांनी एनबीसीचं प्रशिक्षण घेतलं आहे त्यांना आठवेल, नर्व्ह गॅसवर ॲट्रोपिनचं ऑटो-इंजेक्टर मांडीवर दाबायची तालीम. परदेशात ॲलर्जीचे रुग्ण खिशात जे एपिपेन ठेवतात ते अमेरिकी सैन्यासाठी केलेल्या त्याच उपकरणातून जन्मलं. 1987 मध्ये त्याला तिथे मंजुरी मिळाली. म्हणजे ड्रिल आपल्याला येत होती, फक्त ती गॅससाठी आहे असं आपण धरून चाललो होतो. आपल्याकडे ते पेन औषधाच्या दुकानात सहज मिळत नाही. ॲम्प्युल मात्र अगदी स्वस्त असतं.

दुपारी बारा वाजता हवालदार खडखडीत होता आणि सुट्टी मागत होता. मलाही वाटलं, नेऊ या. मॅडमनी चोवीस तास ठेवून घेतलं. दुपारी दोनच्या सुमाराला, माशी पुन्हा न चावता, त्याच्या अंगभर गांधी उठल्या आणि बीपी पुन्हा खाली आलं. काही रुग्णांमध्ये अशी दुसरी लाट येते, एका तासाने किंवा काही तासांनी. तो तेव्हा बराकीत एकटा झोपलेला असता तर? कोविडची लस घेतल्यावर आपल्याला अर्धा तास बसवून ठेवायचे, आठवतं? आपण कंटाळून घड्याळ बघायचो. ती पहिली लाट पकडण्यासाठी होती. दुसरीसाठी रुग्णालय लागतं.

खरी गोष्ट मला दुसऱ्या दिवशी कळली. त्याच्याजवळ बसलो होतो. तो छताकडे बघत म्हणाला, "साहेब, दोन वर्षांमागं रजेवर असताना पण चावली हुती. अंगावर पित्त उठलं, दोन उलट्या झाल्या, चक्कर आली. आईनं आमसुलाचं पाणी लावलं. उतरलं."

"मग परत आल्यावर सांगितलं का नाही?"

तो काही बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती. फौजेतल्या वाचकांना कळलं असेल. नायब सुभेदारीच्या उंबरठ्यावरचा माणूस एमआय रूममध्ये जाऊन मला माशीची ॲलर्जी आहे असं सांगत नाही. शेप वन गेलं, कॅटेगरी लागली, की प्रमोशन अडकतं. म्हणून आपण गुडघा लपवतो, पाठ लपवतो, शुगर लपवतो. मी स्वतः एक खांदा तीन वर्षं लपवला आहे, त्यामुळे त्याला रागावायचा अधिकार मला नव्हता. पण गुडघा लपवला तर गुडघा जातो. हे लपवलं तर तेराव्या मिनिटाला शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काहीच ठाऊक नसतं. मला ठाऊक असतं, तर पहिल्या खाजेलाच इंजेक्शन गेलं असतं.

त्याचं मेडिकल बोर्ड झालं. तात्पुरती कॅटेगरी लागली. त्या वर्षीच्या यादीत त्याचं नाव आलं नाही. मी जे लिहायचं ते लिहिलं, पुढे काय होईल ते बघू. त्याची बायको फोनवर मला म्हणाली, "साहेब, फीत पुढच्या वर्षी लागंल." तिचा आवाज स्थिर होता. त्याचा नव्हता. हा खर्च खोटा नाही, आणि मी तो लहान करून सांगणार नाही.

आमच्याकडे काही गोष्टी बदलल्या. पीटी आणि फायरिंगला जाणाऱ्या फर्स्ट एडच्या बॅगेत ॲड्रेनालिनची दोन ॲम्प्युल आणि सिरिंज वेगळ्या डबीत असतात, डबीवर डोस मोठ्या अक्षरात. डबी गाडीत राहत नाही. मे महिन्यात रायपूरच्या उन्हात बंद गाडीची भट्टी होते आणि औषध बिघडतं. रंग गुलाबी-तपकिरी झाला की फेकायचं. दर महिन्याला नर्सिंग असिस्टंट साध्या पाण्याने तालीम करतात. आणि नवीन आलेल्या प्रत्येकाला मी स्वतः विचारतो: काही चावून, खाऊन, टोचून कधी अंगावर पित्त उठलं का? पहिल्यांदा कोणी बोलत नाही. मी माझ्या खांद्याचं सांगतो, मग एखादा बोलतो.

निवृत्त मित्रांना दोन शब्द. तुमच्यापैकी अनेक जण बीपीसाठी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशा गोळ्या घेतात. त्या घेणाऱ्यांमध्ये अशी ॲलर्जी जास्त जड जाऊ शकते आणि ॲड्रेनालिनचा असर कमी पडू शकतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण कधी ॲलर्जी आली असेल तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. ज्याला एकदा जोराचा झटका येऊन गेला आहे त्याने ॲलर्जीच्या तज्ज्ञाकडे जावं, औषधाचं किंवा कारणाचं नाव चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवावं, आणि घरात ॲम्प्युल ठेवायचं का, द्यायचं कसं, हे डॉक्टरांकडूनच घरच्यांसह शिकून घ्यावं. कोणाला झटका आला तर 108 ला फोन करताना "ॲलर्जीचा झटका आहे, ॲड्रेनालिन लागेल" एवढं स्पष्ट बोला. मधमाशीचा काटा रुतला असेल तर चिमटा शोधत बसू नका. नखाने, कार्डाने, कशानेही, पण लगेच काढा. काटा जितका वेळ राहील तितकं विष आत जात राहतं.

ह्या मार्चला टाकीखाली पुन्हा पोळं लागलं आहे. आम्ही धावण्याचा रस्ता बदलला. हवालदार आता धावत नाही, शेवटच्या वळणावर स्टॉपवॉच घेऊन उभा असतो. गळ्यात ओळखपत्राशेजारी एक लाल कार्ड आहे, त्यावर त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे: "माशी चावली तर उभं करू नका."

जय हिंद.